कुंपणापाशी आलेले घोडे

ग्रँट वुड या अमेरिकी चित्रकाराच्या ‘फेब्रुवारी’ या चित्रात माणूस कुठेच नाही. बर्फाखाली गेलेलं रान, आडव्या काटेरी तारा आणि तारांपलीकडून आपल्याकडे येणारे तीन काळे घोडे. ते वैरणीच्या आशेनं येत असावेत, असं मला दर वेळी वाटतं. तसं असेल, तर चित्रात नसलेला शेतकरी म्हणजे चित्र बघणारा. त्यांच्या चाऱ्याची जबाबदारी नकळत आपल्यावर येते.

वुड आयोवातला. तो दहा वर्षांचा असताना वडील वारले आणि घरच्यांना शेत सोडून गावात यावं लागलं. हे घोडे त्यानं चितारले ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९४०-४१च्या सुमारास.

हे शिळाछाप चित्र. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं रेखाटायचं, मग दगड ओला करून शाई फिरवायची. शाई धरते ती फक्त तेलकट भागावर. आपल्याकडे शिळाप्रेसच्या पोथ्या निघत त्या याच रीतीनं. एका दगडावरून अनेक प्रती निघतात, म्हणून चित्र स्वस्त पडतं. ‘असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स’ या संस्थेनं १९३४ मध्ये, ऐन मंदीत, अशी चित्रं पाच डॉलरला विकायला काढली. वुड आणि त्याच्याच काळातले बेंटन, करी या चित्रकारांची शेतं आणि जनावरं साध्या घरांच्या भिंतींवर गेली, याचं मला फार मोल वाटतं.

त्याच काळात तबेले रिकामे होत होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत अडीच कोटींच्या आसपास घोडे आणि खेचरं होती. नंतर ट्रॅक्टर आले आणि ती झपाट्यानं घटली. मिसुरीच्या टॉमस हार्ट बेंटननं १९४२ मध्ये ‘द रेस’ काढलं : आगगाडीच्या बरोबरीनं जीव खाऊन पळणारा एकटा घोडा. वाफेच्या गाड्यांसोबत घोडे असे धावत, मग डिझेलच्या गाड्यांकडे ते ढुंकूनही का पाहत नाहीत, असं बेंटनला पुढे कोडं पडलं होतं. असा प्रश्न ज्यानं जनावरं वर्षानुवर्षं जवळून न्याहाळली त्यालाच पडतो.

या चित्रकारांना गतकाळात रमणारे म्हणून टीकाकारांनी हिणवलं. मला ते पटत नाही. वुडच्या घोड्यांना भूक लागलेली आहे, आणि भूक काही गतकाळातली नसते.