हनुवटी आणि नियत

आमची हनुवटी आत गेलेली आहे. हे साधे वाक्य कागदावर उतरवायला आम्हाला वयाची पस्तिशी ओलांडावी लागली. विसाव्या वर्षी आम्ही दाढी ठेवली. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी पाठ थोपटली, वालिदसाहेबांचे डोळे भरून आले. सुन्नत म्हणून ठेवली, असेच आम्ही आजवर सांगत आलो आणि ते खोटेही नाही. पण त्या दिवसांत कॉलेजातल्या ग्रुप फोटोत आमचा चेहरा ओठाखालीच संपल्यासारखा दिसायचा, हेही खोटे नाही. दोन्हींपैकी कोणत्या कारणाचे वजन किती होते, ते अल्लाहलाच ठाऊक.

हा विषय निघाला तो भाचीमुळे. मुलगी एम.एस्सी. झाली, स्वभावाने गोड. दोन ठिकाणांहून पैगाम आले आणि परत गेले. पहिल्यांनी काही कारण दिले नाही. दुसऱ्या घरच्या खालाजान मात्र जाताजाता बोलल्याच, "मुलगी छान आहे, फक्त बाजूने पाहिले की हनुवटीच दिसत नाही." आपाने त्या दिवशी काही म्हटले नाही. आठवड्याने तिचा फोन आला. शहरातल्या एका क्लिनिकमध्ये इंजेक्शनने हनुवटी पुढे आणतात, पैसे कमी पडतात, आणि मुख्य म्हणजे, "हे जायज आहे का, ते तू सांग. तू शिकलेला आहेस."

आम्ही मुफ्ती नाही, डॉक्टर तर नाहीच. तरी माहिती काढली. त्या इंजेक्शनला फिलर म्हणतात. त्यात बहुधा हायल्युरॉनिक ॲसिडची जेली असते. ती हाडावर भरून आकार देतात. साधारण वर्ष-दीड वर्षात ती विरते आणि पुन्हा भरावी लागते. चुकून रक्तवाहिनीत गेली तर त्वचा मरते. क्वचित डोळ्यांवरही बेतते. दुसरा उपाय सिलिकॉनचा तुकडा हाडावर बसवण्याचा. तिसरा जेनिओप्लास्टीचा. त्यात हनुवटीचे हाड कापून पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्टीने व स्क्रूने जागेवर धरतात. जबड्याच्या आतून खालच्या ओठाकडे जाणारी नस दुखावली तर ओठ महिनोन्‌महिने, कधी कायमचा बधिर राहतो. आणि खालचा जबडाच मागे असेल, दात जुळत नसतील, तर यातले काहीही वरवरचेच. मग दातांना तारा आणि जबड्याची मोठी शस्त्रक्रिया.

आता जायज-नाजायजकडे येऊ. सूरह निसामध्ये सैतानाची एक धमकी नोंदली आहे, की माणसांना तो अल्लाहने घडवलेल्या रूपात फेरफार करायला लावील. सौंदर्यासाठी दातांत फटी पाडणाऱ्या बायकांविषयी हदीसमध्ये कडक शब्द आहेत. मोहल्ल्यातल्या चर्चा बहुतेक इथेच संपतात. पण हदीसच्याच किताबांत अरफजा बिन असद यांचाही किस्सा आहे. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक गेले. त्यांनी चांदीचे बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सोन्याचे नाक करून घ्यायला सांगितले. पुरुषाला सोने मना असताना! नाक चांदीचे असो वा सोन्याचे, श्वासाला त्याचा काय उपयोग? ते लोकांत वावरण्यासाठीच होते.

नाकावरून आठवले. आपल्या पुण्याजवळ 1793 च्या सुमारास कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचे कापलेले नाक एका वीटभट्टीवाल्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवले. 1794 साली लंडनच्या एका मासिकात ती हकीकत छापून आली आणि युरोपातले शल्यवैद्य ती विद्या शिकले. (नाक कापणारे टिपू सुलतानचे शिपाई होते, हेही त्या हकीकतीत आहे, आमच्या काही मित्रांना ते रुचत नाही, पण आहे.)

2007 साली मलेशियात पुत्रजया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने या प्रश्नावर ठराव केला. जन्मजात वा अपघाताने आलेला दोष दूर करणे जायज. माणसाला शारीरिक किंवा मानसिक त्रास देणारी कुरूपता दूर करणे जायज. केवळ हौसेपोटी, कुणासारखे तरी दिसण्यासाठी चेहरा बदलणे नाजायज. वाचून आम्हाला हायसे वाटले. पण लगेच अडकलो ते 'मानसिक त्रास' या शब्दांवर. भाचीला त्रास होतो हे खरे. तो दिला कुणी? जबड्याने की त्या खालाजानने? रोग एका घरात आणि सुई दुसऱ्या घरातल्या पोरीला, असा हा इलाज आहे.

इथे आम्हाला आमच्या वर्गातला एक मुलगा आठवतो. पाचवीत होता. सबक म्हणताना ओठ हलायचे, शब्द दातांतच राहायचे. "तोंड उघडून वाच" म्हणून आम्ही त्याला दोनदा सर्वांसमोर झापले. पुढे त्याच्या अम्मीने सांगितले, लहानपणी तो जिन्यावरून हनुवटीवर पडला होता. तेव्हा जखम भरली, पण कानाजवळचा सांधा हळूहळू हाडासारखा जुळून गेला. तोंडात जेमतेम एक बोट जायचे, आणि सांधा धरला की खालचा जबडा वाढत नाही. रात्री जीभ मागे पडून श्वास कोंडायचा, म्हणून तो वर्गात पेंगायचा. त्याबद्दलही आम्हीच त्याला उभे केले होते. शस्त्रक्रिया झाल्यावर त्याने पहिल्यांदा अख्खी भाकरी दाताने तोडली, असे त्याची अम्मी म्हणाली. त्याच्या बाबतीत फतवा विचारायचे कुणाच्या मनातही आले नाही.

पण दोन्ही टोके अशी स्पष्ट असली तरी मधली जागा मोठी आहे आणि बहुतेक चेहरे तिथेच असतात. वाढत्या वयात, साधारण अकरा ते तेराच्या दरम्यान, मागे राहिलेला जबडा दातांत घालायच्या साध्या उपकरणाने बराच सुधारतो. तेव्हा आपण पोरीच्या दातांकडे बघत नाही. मग ती बावीस-तेविशीची झाली की तिची बाजूची छबी न्याहाळतो.

हे सगळे आम्ही आपाच्या घरी जाऊन समजावले. फिलर लपवून निकाह लावणे म्हणजे समोरच्याची फसवणूक, हेही म्हणालो. भाची चहा घेऊन आली होती, ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "मामू, तुमच्या निकाहच्या वेळी मामींच्या घरच्यांना तुमची हनुवटी ठाऊक होती?"

शाळेत आम्ही मुलांना सर्वांत आधी नियतची हदीस शिकवतो. बुखारी शरीफ तिच्यानेच सुरू होते. पुरुषाला अल्लाहने एक पडदा दिला आहे आणि त्यावर सवाबही ठेवला आहे. या पोरीकडे तो पडदा नाही. तिने तोच आडोसा सुईने मागितला, तर तिची नियत तपासायला सारे खानदान बसते. आमची कुणी तपासली नाही.

आम्ही पैसे दिले, पण क्लिनिकसाठी नाही. आधी दातांच्या डॉक्टरला दाखवून ये, म्हणालो. जबडा कितपत मागे आहे, झोपेत श्वास अडतो का, ते कळू दे. त्याने एक्स-रे काढला, झोपेची तपासणी लिहून दिली. तो कागद सध्या आपाकडे आहे. येत्या जुम्म्याला तिसऱ्या घरचे लोक यायचे आहेत. फोटो आधी पाठवा म्हणाले होते. भाचीने बाजूने काढलेला पाठवला.