मालिकेतील पात्रे आणि आपला आचार

॥ ॐ श्रीगुरुबसवलिंगाय नमः ॥



महात्मा बसवेश्वरांचे एक वचन आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. शिवानुभव गोष्टीत ते वारंवार ऐकावयास मिळते. जगाचा वाकडेपणा नीट करावयास निघालेल्या माणसाला बसवण्णा त्यात थांबवतात आणि त्याच्या स्वतःच्या तनामनाची विचारपूस करतात. वचनाच्या शेवटी तर, शेजारच्या घरच्या दुःखाने रडत बसणारा कूडलसंगमदेवाला रुचत नाही, असा अभिप्राय येतो. प्रथमच ऐकणारा येथे दचकतो. ज्या बसवण्णांनी दयेला धर्माचे मूळ मानले, तेच परदुःखाने रडणाऱ्याला दोष कसा देतील? या शंकेचे उत्तर आज शोधावयाचे आहे. त्यासाठी उदाहरण घेणार आहोत ते आपल्या घराघरांतील दूरचित्रवाणीचे.

ठाणाकुशनूर हे आपले सीमेवरचे गाव. एकाच घरात सासू मराठी मालिका पाहते आणि सून कन्नड. दिवेलागणीची पूजा आटोपली की मालिका सुरू होतात. त्या संपल्यावर त्यांची चर्चा सुरू होते, ती दुसऱ्या दिवशी शेतात आणि किराणा दुकानाच्या पायरीपर्यंत चालते. 'आई कुठे काय करते' ही मालिका स्टार प्रवाह वाहिनीवर डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये संपली. मूळ कथा 'श्रीमोयी' या बंगाली मालिकेची. हिंदीत तीच 'अनुपमा' झाली, कन्नड आणि तेलुगूतही ती आली. पंचवीस वर्षे संसार केलेल्या अरुंधतीला कळते की पती अनिरुद्ध दुसऱ्या स्त्रीत, संजनात गुंतला आहे. पुढे घटस्फोट होतो. अनिरुद्ध संजनाशी विवाह करतो आणि काही काळाने अरुंधतीही आशुतोषशी विवाहबद्ध होते. मालिका संपली, परंतु वाद संपले नाहीत. अरुंधतीने घर सोडले ते बरोबर की चूक? मुले लग्नाची झालेल्या आईने पुन्हा विवाह करावा काय? संजना मूळची दुष्ट की परिस्थितीने तशी झाली? या प्रश्नांवरून जावा-जावांनी अबोला धरल्याचेही आम्ही ऐकले आहे.

आता कोणी म्हणेल, स्वामीजींनी एका वाक्यात सांगून टाकावे की मालिका पाहू नका, म्हणजे प्रश्न मिटला. आम्ही तसे सांगणार नाही. कथेतील पात्रांच्या आचरणावर वाद घालणे ही आपली फार जुनी सवय आहे आणि ती सर्वस्वी वाईट नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात याची कथा आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात नाटकाचा पहिला प्रयोग झाला, त्यात दैत्यांचा पराभव दाखवला. प्रेक्षकांत बसलेले दैत्य संतापले. आम्हालाच दुष्ट ठरवले म्हणून त्यांनी प्रयोगात विघ्ने आणली. तेव्हा ब्रह्मदेवाने त्यांना समजावले की नाटक हे तुमचे किंवा देवांचे एकट्याचे नाही. तिन्ही लोकांतील भावांचे ते अनुकीर्तन आहे. अर्थात पात्रांच्या रंगवण्यावरून प्रेक्षकांचा तंटा पहिल्या नाटकाइतकाच जुना आहे.

अलीकडचे पाहा. जानेवारी 1987 मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. 1988 मध्ये ते संपत आले, तेव्हा उत्तर भारतातील काही शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी, वाल्मीकींची कथाही दाखवावी म्हणून संप केला आणि पुढे उत्तर रामायण आले. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला सुरू झालेल्या 'महाभारता'ने कर्णाचा प्रश्न घरोघरी नेला. मित्राचे ऋण मोठे की धर्म मोठा? द्रौपदीच्या विटंबनेच्या वेळी भीष्म गप्प का बसले? आपले शिवकीर्तनकारही आख्यानातून श्रोत्यांपुढे असेच प्रश्न टाकतात. ज्याला प्रश्न पडत नाही त्याचा विवेक जागा होत नाही. तेव्हा प्रश्न पडणे हे शुभच आहे. तो प्रश्न शेवटी कोठे जाऊन पोहोचतो, हे मात्र तपासले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की मालिकेतील पात्राला स्वतःचा आचार नसतो. त्याचे पुण्य आणि पाप लेखकाच्या लेखणीत असते, आणि त्या लेखणीवर दर आठवड्याच्या टीआरपीच्या आकड्याची नजर असते. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' ही हिंदी मालिका 2000 ते 2008 या काळात चालली. तिच्यातील मिहीर मेला असे दाखवताच प्रेक्षकांनी एवढा गहजब केला की त्याला पुन्हा जिवंत करून आणावे लागले. जेथे मरणदेखील प्रेक्षकांच्या मर्जीवर फिरते तेथे सद्गुण-दुर्गुणांचा काय भरवसा? आज दुष्ट दाखवलेली सून उद्या साध्वी होते, कारण कथा लांबवायची असते. म्हणून तिच्यावर दिलेला निवाडा तिला लागूच होत नाही. कर्म ज्याचे त्याला फळ, हा नियम कर्ता असेल तेथे चालतो. पात्र कर्ता नाही.

दुसरी गोष्ट, आपण पात्राचा राग माणसावर काढतो. निळू फुले यांनी मराठी चित्रपटांत जुलमी पाटील आणि कपटी पुढारी रंगवले. खेड्यापाड्यांतील कित्येक स्त्रिया त्यांना खरोखरच तसे समजत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. वास्तविक हा मनुष्य राष्ट्र सेवा दलात वाढलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यात रमलेला, अत्यंत साधा आणि सुशील. 2009 मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या अभिनयाइतकाच त्यांच्या सज्जनपणाचा गौरव झाला. अभिनवगुप्तांसारखे आचार्य सांगतात की खरा रसिक रंगभूमीवरील भाव हा माझा, शत्रूचा किंवा परक्याचा असे मानत नाही. त्या भेदापलीकडे गेल्यावरच रस निष्पन्न होतो. आपण मात्र नटाला शिव्या देतो आणि त्यालाच रसिकता समजतो.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. आपल्याच भागातील एका गावची ही हकीकत. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. एका विधवा मुलीचा, दोन मुले असलेल्या विधुराशी पुनर्विवाह झाला. लिंगायत परंपरेत विधवेच्या विवाहाला स्थान आहे. कोणी उघड विरोध केला नाही. परंतु काही महिन्यांत गल्लीतील पोरे तिला मालिकेतील दुष्ट स्त्रीच्या नावाने हाका मारू लागली. पोरांना ते नाव घरातूनच मिळाले होते. सावत्र मुलाला रागावली की बायका एकमेकींकडे पाहून हसत. श्रावण सोमवारी ती मठात येईनाशी झाली. तिच्या सासूने येऊन डोळे पुसत हे सांगितले. आम्ही त्या गल्लीतील मातांना विचारले, "तिच्या घरी तुम्ही कितीदा गेलात?" एक माता भाबडेपणाने बोलून गेली, "महाराज, मालिका रोज बघतो म्हणून त्यातलं सगळं कळतं. हिच्या घरी कोण जातंय बघायला?"

भक्तहो, या एका वाक्यात सगळा रोग आहे. जे घर खोटे आहे त्याची खडान्‌खडा माहिती. जे घर भिंतीपलीकडे आहे त्याचा पत्ता नाही. आणि निवाडा मात्र पहिल्या घराचा दुसऱ्या घराला लावून मोकळे!

आता बसवकल्याणच्या अनुभव मंटपाकडे वळू. अक्कमहादेवी तेथे आली ती राजवाडा सोडून. कौशिक राजाशी तिचा विवाह झाला होता की नाही, याविषयी जुन्या कवींत एकमत नाही. परंतु वैभव आणि राजा यांचा त्याग करून एक तरुण स्त्री एकटी निघाली, एवढे निश्चित. आज हीच कथा एखाद्या मालिकेत आली असती तर पायरी-पायरीवर तिचा न्याय झाला असता. कल्याणातही तिला प्रश्न विचारले गेले, आणि ते सौम्य नव्हते. अल्लमप्रभूंनी तिची कठोर परीक्षा घेतली. परंतु फरक लक्षात घ्या. प्रश्न तिच्यासमोर विचारले गेले, तिला उत्तर देऊ दिले गेले आणि उत्तर ऐकून घेतल्यावर सर्व शरण तिच्यापुढे नम्र झाले. पात्र उत्तर देऊ शकत नाही. ज्या शेजारणीला आपण पात्राचे नाव देतो तिलाही आपण उत्तर देऊ देत नाही. न ऐकता दिलेला निवाडा ही निंदाच होय, आणि शरणांच्या आचारात परनिंदेला जागा नाही.

येथे वचनाचा शेवट उलगडतो. बसवण्णांना करुणेचे वावडे नव्हते. ज्या रडण्याने रडणाऱ्याच्या आचारात काडीचाही बदल होत नाही, त्या रडण्याला त्यांचा आक्षेप आहे. अरुंधतीसाठी डोळे भरून आले, पदराने पुसले, आणि लगेच स्वतःच्या सुनेला "दिवसभर काय करतेस?" असे विचारले, तर ते अश्रू वायाच गेले. तेच अश्रू आपल्या सुनेच्या हातातील एक भांडे कमी करतील तर ते पूजेच्या जलाइतके पवित्र आहेत.

दुसरीही एक बाजू सांगणे आवश्यक आहे, आणि ही विशेषतः पुरुष भक्तांनी ऐकावी. घरातील स्त्री "माझे चुकते की तुमचे?" असे उघड विचारू शकत नाही, तेव्हा ती म्हणते, "त्या अनिरुद्धाचं चुकलंच." आपण हसतो आणि बायकांच्या मालिका म्हणून सोडून देतो. परंतु तीच गोष्ट ती तिसऱ्यांदा सांगत असेल तर ती कदाचित मालिकेविषयी बोलतच नसेल. पात्राच्या आडून ती आपल्या घराविषयी बोलत असेल. अशा वेळी अनिरुद्धाची बाजू घेऊन वाद जिंकू नये. आवाज बंद करून विचारावे, "तुला काय वाटते, सांग."

असे ऐकून घेणारे घर कसे असते, हे आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांनी दाखवले आहे. मारय्या कल्याणात सांडलेले तांदूळ वेचून आणी आणि त्यावर दासोह चाले. एके दिवशी त्याने गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्माने त्याला तेथेच विचारले की हा लोभ कोठून आला, आणि अधिकचे परत टाकून येण्यास सांगितले. मारय्याने तिच्यावर डोळे वटारले नाहीत. तो परत गेला. पत्नीने पतीचा आचार तपासला, समोरासमोर, प्रेमाने, आणि त्याच दिवशी तो सुधारला. पात्रांच्या निवाड्याची शंभर संध्याकाळची चर्चा या एका प्रसंगाची बरोबरी करू शकणार नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडकेच आहे. मालिका पाहा, वादही घाला. परंतु वादाचे शेवटचे वाक्य 'मी' या शब्दाने सुरू करा: त्या जागी मी काय केले असते, माझ्या घरात मी काय करतो? मालिकेतील नाव जिवंत माणसाला लावू नका, आणि मुलांनी लावले तर तेथल्या तेथे थांबवा. मालिकेच्या वेळेतला एक दिवस, आठवड्यातून एकच, ज्या घराविषयी आपण बोलतो त्या घरी जाण्यासाठी ठेवा.

ज्या भगिनीची हकीकत वर सांगितली, तिच्या घरी त्याच गल्लीतील दोन माता पुढच्या सोमवारी गेल्या आणि तिला बरोबर घेऊन मठात आल्या. बाकीच्या घरांनीही तिचे दार ठोठवावे, एवढीच अपेक्षा.

सर्वांना सद्बुद्धी लाभो. शरणु शरणार्थी.