पोलादात बसलेला अर्जुन

भारतीय लष्कराच्या चिलखती दलात आज ‘अर्जुन’ नावाचा रणगाडा आहे आणि ‘भीष्म’ नावाचाही. पहिला चेन्नईजवळच्या अवाडीत घडला. १९७४ मध्ये त्याच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली आणि लष्कराच्या हाती पडायला त्याला तीस वर्षे लागली. दुसरा मूळचा रशियन टी-९०. २००१ च्या करारानंतर तो भारतात आला आणि पुढे अवाडीतच बांधला जाऊ लागला. कुरुक्षेत्रावर या नावांचे दोघे एकमेकांसमोर उभे होते. एकाने ऐन युद्धाच्या तोंडावर धनुष्य खाली टाकले. दुसरा आपल्या पक्षाची बाजू लंगडी आहे हे ठाऊक असूनही लढला, आणि आपण कसे पडू हे त्याने विचारायला आलेल्या पांडवांनाच सांगून टाकले. युद्ध करावे की करू नये, या प्रश्नाने महाभारतात ज्यांना सर्वांत जास्त पोळले त्यांतली ही दोन माणसे. हत्यारांना त्यांची नावे देणाऱ्या समाजाला मग एक प्रश्न टाळता येत नाही. रणगाड्यात बसून माणूस मारणाऱ्याचा धर्म कोणता?

अर्जुनाची पहिली मागणी आठवावी. रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध ने, मला कोणाशी लढायचे आहे ते पाहू दे, असे तो कृष्णाला म्हणतो. त्याने पाहिले, म्हणून त्याला विषाद झाला, आणि विषाद झाला म्हणून गीता सांगावी लागली. रणगाड्यात हे पाहणेच बदलून जाते. झाकणे बंद होतात, बाहेरचे जग भिंगांतून आणि पडद्यावरून आत येते. रात्री उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीत दीड-दोन किलोमीटरवरची गाडी म्हणजे काळपट पार्श्वभूमीवरचा एक उजळ ठिपका. त्या ठिपक्यात आचार्य दिसत नाहीत, मामा दिसत नाही, भाऊ दिसत नाही. सैनिकाचे मन कठोर झालेले नसते, पण त्याच्या आणि समोरच्या चेहऱ्याच्या मध्ये यंत्र उभे राहिलेले असते. विषादाला शिरायला फटच उरत नाही.

दुसरी अडचण कर्तेपणाची.

अर्जुन रणगाड्यात चौघे असतात. कमांडर लक्ष्य ठरवतो, लोडर १२० मिलिमीटरच्या तोफेत गोळा भरतो, गनर नेम धरून कळ दाबतो आणि ड्रायव्हर या सगळ्यांना तिथवर घेऊन जातो. भीष्ममध्ये तिघेच, कारण तिथे गोळा भरण्याचे काम यंत्राकडे आहे. समोरची गाडी पेटली आणि आतली माणसे गेली, तर मारले कोणी? कळ दाबणारा हुकमाकडे बोट दाखवील, हुकूम देणारा वरच्या हुकमाकडे, आणि ड्रायव्हरने तर फक्त गाडी चालवलेली असते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या हालचाली आणि दैव. या हिशेबात ६८ टनांचा अर्जुन मार्क-१ए कितीही अवाढव्य असला तरी तो साधनांच्या रकान्यात बसतो. कर्त्याची जागा तो घेऊ शकत नाही. चौघांत काम वाटले गेले म्हणून कर्तेपणाचे चार तुकडे होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाव पाप येते, असेही नाही. ज्याने जाणून भाग घेतला, तो आपल्या परीने पुरा कर्ता.

पण त्याच गीतेत निसटायच्या वाटाही दिसतात. अकराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला सांगतो की हे सारे आधीच मेलेले आहेत, तू केवळ निमित्त हो. अठराव्यात म्हटले आहे की ज्याला अहंभाव नाही तो मारूनही मारत नाही. ही वचने चुकीच्या हाती पडली, तर त्यांच्याइतका सोयीचा बचाव दुसरा नाही. कुठल्याही काळातला कुठलाही मारेकरी स्वतःला निमित्त म्हणवून घेऊ शकतो.

यावरचा लगाम मात्र त्याच अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूपदर्शन संपते, अर्जुनाची भीती ओसरते आणि अगदी शेवटच्या श्लोकात भक्ताची लक्षणे येतात. त्यांत एक लक्षण आहे सर्व भूतांविषयी निर्वैर असण्याचे. निमित्त होण्याची मुभा आणि निर्वैर राहण्याची अट एकाच अध्यायात आहेत. मुभा उचलायची आणि अट सोडून द्यायची, असा व्यवहार गीतेच्या नावावर करता येणार नाही.

मराठी माणसाने हा गुंता तुरुंगात बसून सोडवायचा प्रयत्न केला आहे. टिळकांनी मंडालेत ‘गीतारहस्य’ लिहिले, ते १९१५ मध्ये छापून आले. कर्म टाकणे हा धर्म नव्हे, फळाची आसक्ती टाकून ते करणे हा धर्म, अशी त्यांची मांडणी. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. अर्जुनाला झालेला होता तो मोह, अहिंसेचा साक्षात्कार नव्हे, असे विनोबा म्हणतात. त्यासाठी ते एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात: शेकडो गुन्हेगारांना फाशी देणाऱ्या त्याच्यापुढे स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून आला, तेव्हा त्याला फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागली. गांधीजींनी कुरुक्षेत्र माणसाच्या हृदयातच पाहिले. तिघांच्या वाटा निराळ्या, पण द्वेषाने केलेल्या हत्येला तिघांपैकी कोणाच्याही गीतेत थारा नाही.

हे निर्वैरपण खऱ्या रणांगणावर, बारूद आणि डिझेलच्या वासात टिकते का? इतिहासात काही पुरावे आहेत.

लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले पारशी गृहस्थ. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये सियालकोट आघाडीवर ते सेंच्युरियन रणगाड्यांच्या पूना हॉर्स रेजिमेंटचे नेतृत्व करत होते. फिलोऱ्याच्या लढाईत जखमी झाल्यावरही ते मागे गेले नाहीत आणि १६ सप्टेंबरला बुतूर डोगरांदीजवळ पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मरण आले तर रणभूमीवरच दहन करा, प्रार्थनेचे पुस्तक आईला द्या, असे त्यांनी आपल्या सहकारी अधिकाऱ्याला आधीच सांगून ठेवले होते. जरथुष्ट्री परंपरेत अग्नी इतका पवित्र की प्रेताने तो विटाळू नये म्हणून दख्म्याची, म्हणजे प्रेत मनोऱ्यावर उघड्यावर ठेवण्याची, रीत आहे. तारापोरांनी रीत बाजूला ठेवली आणि श्रद्धा जपली. त्यांच्या निरवानिरवीत शत्रूविषयी कडू शब्द नाही, सूडाची मागणी नाही.

सहा वर्षांनी याच रेजिमेंटचे नेतृत्व हनूत सिंह यांच्याकडे होते. आजन्म ब्रह्मचारी, ध्यानधारणेत मुरलेला हा माणूस. लोक त्यांना संत सेनापती म्हणत, आणि निवृत्तीनंतर ते देहरादूनला साधकाचेच आयुष्य जगले. १९७१ च्या डिसेंबरात बसंतर नदीकाठी सुरुंग पुरते काढून झालेले नसतानाही त्यांनी रणगाडे पुढे काढले आणि एकही रणगाडा मागे हटणार नाही, असा हुकूम दिला. साधना त्यांना रणांगणापासून दूर घेऊन गेली नाही, तिने त्यांना रणांगणावर स्थिर ठेवले.

त्यांच्याच हाताखाली, १६ डिसेंबरला, पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेला रणगाडा सोडायला नकार देऊन लढता लढता गेला. तीस वर्षांनी, २००१ मध्ये, त्याचे वृद्ध वडील ब्रिगेडिअर एम. एल. खेत्रपाल आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार केला ब्रिगेडिअर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. निरोपाच्या सुमारास यजमानांनी सांगितले की तुमचा मुलगा माझ्या हातून पडला. हे न सांगताही चालले असते, कोणी विचारले नव्हते. हुकमाचा, यंत्राचा, दैवाचा आडोसा त्यांना घेता आला असता. त्यांनी कर्तेपण स्वतःकडे घेतले, तेही ज्याचा मुलगा गेला त्या बापासमोर. मारणारा आणि मेलेल्याचा पिता एका छपराखाली राहिले, जेवले. अठराव्या अध्यायातला ‘कर्ता’ आणि अकराव्यातले ‘निर्वैर’ इथे एकाच माणसात भेटतात, आणि तो माणूस गीता मानणाऱ्यांपैकी नव्हता.

बसंतरच्याच लढाईत जरपाल गावावर प्रतिहल्ला करताना पाकिस्तानचे लेफ्टनंट कर्नल मुहम्मद अक्रम राजा मारले गेले. समोरच्या भारतीय ३ ग्रेनेडियर्सचे लेफ्टनंट कर्नल वेदप्रकाश आयरी यांनी त्यांच्या शौर्याची लेखी साक्ष दिली. पाकिस्तानने राजांना मरणोत्तर हिलाल-ए-जुरत हे शौर्यपदक दिले.

दसऱ्याला चिलखती पलटणींत रणगाड्यांना हार घालतात, कुंकू लावतात. मराठी घरांत खंडेनवमीला विळा-कोयत्यापासून यंत्रांपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तीच ही परंपरा. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण किती लांबवर केले आहे! भुंग्याने कमळावर ठेवावे इतके हलके पाऊल टाकणारा माणूस ते तिथे उभा करतात. त्या पावलाशेजारी रणगाड्याचे पट्टे ठेवून पाहिले की पूजेचा एकच अर्थ मनाला पटतो: या लोखंडाची ताकद माझ्या हाती आहे आणि तिचा जाब मलाच द्यावा लागेल, याची कबुली. शक्तीचा नुसता जयजयकार करायचा असेल, तर त्या कुंकवाला अर्थ नाही.

अर्जुनही निर्वैरपणाच्या कसोटीला नेहमी उतरला नाही. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही पक्षांनी नियम ठरवले होते: पळणाऱ्यावर, नि:शस्त्रावर, बेसावधावर वार करायचा नाही. तरी कर्णाच्या रथाचे चाक रुतले आणि तो ते उपसत असताना अर्जुनाने बाण सोडलाच. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी लढाईबाहेर पडलेल्याला जे संरक्षण दिले, ते या जुन्या नियमांच्या जातीचेच आहे, आणि मोडण्याचा मोहही तितकाच जुना आहे.

नगरच्या चिलखती दल केंद्रात, जिथे हनूत सिंह कमांडंट होते, तरुण अधिकारी तोफेचा अभ्यास करतात. तिथे नासेर यांची कबुली आणि आयरी यांची साक्षही तितक्याच गांभीर्याने शिकवली जावी. भीष्ममध्ये गोळा भरणारा माणूस गेला, उद्या लक्ष्य निवडणारा माणूसही जाऊ शकतो. पेटलेल्या गाडीतून उड्या टाकणारी माणसे पडद्यावर दिसली, तर कळीवरचे बोट उचलण्याचा निर्णय कोणा नाव-गाव असलेल्या माणसाकडेच राहिला पाहिजे, आणि ही अट नवे रणगाडे आखणाऱ्या अभियंत्यांच्या कागदावर पहिल्या दिवसापासून लिहिलेली असली पाहिजे.