मागे उभा राहणारा

परवा सातवीच्या गणिताच्या वह्या तपासत बसलो होतो. मास्तराने मुलांच्या वहीची शेवटची पाने उघडू नयेत, असा माझा एक नियम आहे आणि तो मी बहुधा पाळतो. वहीची पुढची पाने शाळेची असतात, मागची मुलाची. पण त्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने एक वही आपणहून शेवटाकडून उलगडली आणि जे दिसले ते पाहून मी तपासणीची लाल लेखणी खाली ठेवली.

पानावर टोपी घातलेला एक मुलगा काढला होता. त्याच्यापुढे तीन प्राणी होते. एक कासवासारखा, एकाच्या पाठीवर कळी उमललेली, तिसरा पंखांचा आणि शेपटीच्या टोकाला ज्योत असलेला. भोवती बाण, आकडे, खोडलेले मजकूर. आणि वर मथळा होता, 'ट्रेनर : नवीन नियम'.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला बोलावले. आता आपली कानउघाडणी होणार अशा तयारीने तो आला.

"सर, रिकाम्या वेळात काढलंय. गणिताच्या तासाला नाही."

"ते राहू दे. हा कोण?"

मला खरोखरच जाणून घ्यायचे आहे, हे ध्यानात यायला त्याला थोडा वेळ लागला. मग मात्र तो असा बोलू लागला की घंटा झाली तरी आम्हा दोघांना ऐकू आली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पुण्याला आतेभावाकडे गेला होता, तिथे त्याने हा खेळ खेळला. 'सुपर स्मॅश ब्रदर्स' हे त्याचे नाव. पडद्यावर अधांतरी फळ्या तरंगत असतात. त्यांवर उभे राहून एकमेकांना मारायचे आणि फळीवरून बाहेर भिरकावून द्यायचे. मार बसेल तशी अंगावरची टक्केवारी वाढते आणि टक्केवारी जितकी जास्त, तितका गडी लांब उडतो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे खेळ आहेत त्यांना हे ठाऊकच असेल, मला नव्हते.

या खेळातील बहुतेक सारे गडी स्वतः लढतात. फक्त हा ट्रेनर लढत नाही. तो मागे उभा राहून हुकूम देतो आणि त्याचे प्राणी लढतात. स्क्वर्टल, आयव्हीसॉर आणि चॅरिझार्ड अशी त्या तिघांची नावे. एकाला बोलवावे, दुसऱ्याला पाठवावे. गंमत अशी की मागे उभ्या असलेल्या त्या ट्रेनरला कुणी मारूच शकत नाही. रणांगणावर असून तो रणात नाही.

घरी येऊन मी आणखी थोडी माहिती मिळवली. या प्राण्यांचा मूळ खेळ 1996 साली जपानात निघाला. त्याचा जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा गावात किडे पकडीत हिंडे, आणि त्या नादातून ही कल्पना त्याला सुचली. मला हे वाचून बरे वाटले. आम्हीही खाम नदीच्या काठाने काड्यापेटीत किडे भरीत हिंडलो होतो, आमच्याकडून मात्र काही निपजले नाही. पुढे 2008 साली हा ट्रेनर त्या मारामारीच्या खेळात आला. त्या वेळी नियम असा होता की एकच प्राणी फार वेळ लढत राहिला तर तो थकतो, त्याचे वार कमजोर होतात, म्हणून त्याला विसावा देऊन दुसऱ्याला आणावे लागे. 2014 च्या आवृत्तीत ट्रेनरला काढूनच टाकले आणि एकटा चॅरिझार्ड तेवढा ठेवला. म्हणजे मालक गेला तरी लढणाऱ्याची लढाई काही चुकली नाही! 2018 साली ट्रेनर तिघांसह परतला, आता मुलगा किंवा मुलगी कोणीही घ्या अशी सोय झाली, पण थकव्याचा नियम गेला. लोकांना तो अडचणीचा वाटत असावा. दुसऱ्याचा थकवा आपल्याला नेहमीच अडचणीचा वाटतो.

माझ्या विद्यार्थ्याचे नवीन नियम याच ठिकाणी सुरू होत होते. पहिला नियम, थकवा परत आणावा. दुसरा, प्राण्याला हुकूम नाकारता यावा. ("मूळ खेळात आहे सर तसं. दुसऱ्याकडून घेतलेला मोठा पोकेमॉन असला आणि आपल्याकडे पुरेसे बिल्ले नसले तर तो ऐकत नाही.") आणि तिसरा, ज्याच्याभोवती त्याने दोनदा चौकट काढली होती, तो असा : प्राण्याला जेवढा मार बसेल त्याच्या निम्मा ट्रेनरलाही बसावा.

"निम्मा का? पुरा का नाही?" मी विचारले.

तो विचारात पडला. "पुरा बसला तर सर, मग तो पाठवणारच नाही कुणाला."

सातवीतल्या मुलाच्या या उत्तराने मला आठ दिवस स्वस्थ बसू दिलेले नाही. प्रश्न खेळाचा राहिला नाही. दुसऱ्याला झुंजीत उतरवून आपण मागे उभे राहण्याचा अधिकार माणसाला असतो का, आणि असला तर तो कशाच्या बळावर?

आमच्या लहानपणी गल्लीत दरवेशी अस्वल घेऊन येई. नाकात वेसण, तोंडाला मुसके, आणि डमरूच्या तालावर ते जड शरीर मागच्या पायांवर डोलत असे. आम्ही पोरे टाळ्या पिटत असू. केंद्र सरकारने 1998 साली अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांना शिकवून त्यांचे खेळ करण्यास बंदी केली, आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. उचित झाले, यात मला शंका नाही. तरीही दरवेशाचा विचार करताना मला तो राक्षस वाटत नाही. अस्वल उपाशी तर तोही उपाशी, अस्वल पावसात तर तोही पावसात. माझ्या विद्यार्थ्याचा तिसरा नियम त्या बिचाऱ्याला न सांगता लागू झालेला होता. पण उपासमारीची वाटणी झाली म्हणून वेसणीची वाटणी झाली असे होत नाही. वेसण एकाच्याच नाकात होती.

नंदीबैल अजून कधीमधी दारावर येतो. 'पाऊस पडेल का?' म्हटले की मान डोलावतो. 'घरधनी चिडका आहे का?' म्हटले की नकारार्थी हलवतो, आणि आमच्या घरात तेव्हा हशा पिकतो. नंदीला 'नाही' म्हणता येते. मात्र तेही मालकाने खूण केली तरच. दुसरा नियम वाचताना मला तो नंदी आठवला.

आणि शंकरपट? आमच्या मराठवाड्यात आणि विदर्भात बैलांच्या शर्यतींना शंकरपट म्हणतात. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या, 2017 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, 2021 च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. माझे मामा शेतकरी. बैलावर त्यांचे प्रेम नाही असे म्हणण्याची माझी छाती नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळत. जूं घासून घासून जिथे कातडे जाड झालेले असते, नेमके तिथेच हात फिरत राही. पाहणाऱ्याला वाटावे, क्षमा मागत आहेत. पण पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी जूं पुन्हा त्याच खांद्यावर ठेवले जाई, हेही मी पाहिले आहे. प्रेम आणि जूं एकाच हाताने दिले जाते, हे लहानपणी मला कोडे वाटे. अजूनही वाटते.

पैठण आमच्यापासून फार दूर नाही. तिथली ती कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? शुद्धिपत्रासाठी आलेल्या ज्ञानदेवांसमोरून पखालीचा रेडा चालला होता. कुणीतरी कुचेष्टेने म्हणाले, त्याचेही नाव ज्ञाना आहे. पुढे रेड्याने वेद म्हटले, हा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. मला मात्र त्याच्या आधीचा भाग अधिक मोठा वाटतो. रेड्याच्या पाठीवर आसूड बसले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले, असे सांगतात. वेद म्हणवून घेणे म्हणजे एका अर्थी प्राण्याकडून करामत करून घेणेच; पण ज्याच्या पाठीवर अगोदर वळ उठले आहेत त्याने ती करून घेतली, एवढा फरक. माझ्या विद्यार्थ्याला ही कथा येते. पण वहीत नियम लिहिताना ती त्याच्या मनात नव्हती, हे मी विचारून खात्री करून घेतले. तो म्हणाला, "सर, ती गोष्ट वेगळी, हा गेम वेगळा."

दर दोन वर्षांनी आम्ही मुलांना अजिंठ्याला नेतो. सतराव्या लेण्यात महाकपी जातकाचे चित्र आहे. वानरांचा राजा नदीवर स्वतःच्या अंगाचा पूल करतो आणि आपल्या कळपाला पैलतीरी उतरवतो. शेवटचा वानर मुद्दाम जोराने पाठीवर उडी घेतो आणि राजा त्यात संपतो. पाचव्या शतकातल्या चित्रकाराने ही कथा भिंतीवर रंगवली. मार्गदर्शक विजेरीचा झोत टाकतो, मुले 'माकड, माकड' म्हणून पुढे सरकतात. मीही आजवर पुढेच सरकत आलो.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही राईचा पर्वत करीत आहात. सर्वांनीच आखाड्यात उतरायचे तर शिकवायचे कोणी? वस्ताद काही कुस्तीत उतरत नाही. तो कडेला उभा राहून ओरडतो. हे म्हणणे खरे आहे. पण वस्तादाचे कान पाहा. ते मोडलेले असतात. त्याने आपला मार केव्हाच खाऊन ठेवलेला असतो आणि म्हणून त्याच्या ओरडण्याला पोरे मान देतात. माझ्या विद्यार्थ्याच्या निम्म्या माराची ती आगाऊ भरपाई म्हणावी.

आणि येथेच माझी अडचण सुरू होते. माझे कान धडधाकट आहेत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती. आमच्या शाळेतर्फे दरवर्षी मीच मुले तयार करतो. भाषण मी लिहितो, कुठे थांबायचे, कुठे हात उंचावायचा, ते मी ठरवतो. दोन ढाली अशाच मिळाल्या होत्या आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांच्याकडे मी येता-जाता पाहत असे. त्या वर्षीचा मुलगा हुशार होता. स्पर्धेच्या सकाळी त्याचे अंग गरम होते. मी विचारले, "जमेल ना?" तो म्हणाला, "हो सर." आमच्या मुलांना 'नाही' म्हणायला आम्ही शिकवलेलेच नाही. चौथ्या मिनिटाला तो अडखळला. मी तिसऱ्या रांगेत बसून ओठांनी वाक्ये पुरवीत होतो आणि तो माझ्या ओठांकडे पाहत होता. तीनशे माणसांसमोर एक मूल एका माणसाच्या ओठांकडे पाहत उभे आहे, हे दृश्य मी माझ्या एखाद्या कादंबरीत घातले असते तर वाचकांनी त्या माणसाला दोष दिला असता.

रिक्षातून परतताना मी त्याला म्हणालो, "माझं नाव घालवलंस."

माझे नाव! भाषण माझे, हातवारे माझे, नावही माझे. त्याचा फक्त ताप होता. 'सॉरी सर' म्हणून तो रस्त्याकडे पाहत बसला. त्यानंतर तो कुठल्याच स्पर्धेत उतरला नाही. अलीकडे गुलमंडीवर भेटला. आता मिसरूड फुटले आहे. वाकून पाया पडला, तेव्हा मला त्याच्या डोळ्यांना डोळा भिडवता आला नाही.

वाचकहो, आजवर कुणाला सांगितले नाही ते येथे सांगतो. मी आयुष्यात एकदाही व्यासपीठावरून बोललेलो नाही. मॅट्रिकपलीकडे गेलो नाही त्याला घरची ओढाताण कारण होतीच, पण पुढच्या वर्गात तोंडी परीक्षा असतात ही भीतीही होती. कादंबऱ्या लिहू लागलो तीही बहुधा त्यामुळेच. तिथे लेखक पानाच्या मागे असतो आणि जी काही दुःखे भोगायची ती पात्रे भोगतात. गेल्या वर्षी एका ग्रंथालयाने सत्काराला बोलावले, तर घसा बसल्याचे खोटे कारण देऊन मी घरीच राहिलो.

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेचे पत्रक दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेत आले. मुख्याध्यापकांनी नेहमीप्रमाणे ते माझ्या टेबलावर ठेवले. त्या चित्रवाल्या मुलाचे नाव मी सुचवीन असे त्यांना वाटते, कारण तो बोलतो छान. मी त्याला विचारले. प्रथमच अशा रीतीने विचारले की 'नाही' म्हटले तरी चालेल. त्याने पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडली आणि म्हणाला, "सर, भाषण मी लिहू का?"

"लिही."

"आणि चुकलं तर?"

मला उत्तर चटकन सुचले नाही. त्या ग्रंथालयाचे पत्र यंदाही आले आहे. मार्गशीर्षात एखाद्या विषयावर अर्धा तास बोला, असे त्यांचे म्हणणे. ते पत्र मी खिशातून काढून त्याला दाखवले आणि म्हणालो, त्याची स्पर्धा शनिवारी आहे, माझे हे रविवारी. त्याने समोर येऊन बसावे. त्याने पत्र दोनदा वाचले.

"तुम्ही अडकलात तर मी ओठ हलवायचे नाहीत ना सर?"

त्याची वही अजून माझ्याकडेच आहे. दुसरे कुणी पाहणार नाही अशा बेताने मी ती तपासून ठेवली. गणिते सारी बरोबर आहेत. शेवटच्या पानावर लाल शाई लावलेली नाही.