गाव सोडण्याचा हिशेब

पुण्यातला फ्लॅट विकून रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला राहायला जावं का, हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत चहाच्या वेळी निघतो. मग कागदावर मधोमध उभी रेघ ओढली जाते. एकीकडे मोकळी हवा, कमी खर्च, ट्रॅफिकपासून सुटका. दुसरीकडे मुलांची शाळा, मोठं हॉस्पिटल, नोकरीतल्या पुढच्या संधी. ही रेघ आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती फार जुनी नाही, हे ध्यानात येत नाही. आपल्या पणजोबांनी गाव सोडलं तेव्हा असा कागद झाला नव्हता. एकट्याने बसून तर नव्हताच.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापन केली. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं बोटीत बसून गिरण्यांकडे निघाली. कोकणातली शेती तुकड्या-तुकड्यांची, वर्षभर पुरेल एवढं भात थोड्याच घरांत. कुणी जायचं हे घर ठरवी: एक भाऊ मुंबईला, एक खाचरात. गेलेला चाकरमानी झाला तरी त्याचं नाव गावच्या घरपट्टीवरून, मानपानातून, गणपतीतून हलत नसे. गिरणगावात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या होत्या. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. रात्रपाळीवाला उठून कामावर गेला की दिवसपाळीवाला त्याच जागेवर आडवा व्हायचा. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. महिन्याला गावी मनिऑर्डर, आणि फॉर्मच्या कडेच्या चिंचोळ्या कूपनावर दोन ओळी: लावणी उरकली का, म्हैस व्याली का, कौलं शाकारून घ्या.

या व्यवस्थेचं एक शहाणपण मला नेहमी जाणवतं. तिच्यात परतीची वाट कधी बुजली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा माणसं गावाकडे पळाली. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि संप लांबत गेला, तसे कित्येक जण गावी जाऊन शेताला लागले. २०२० च्या टाळेबंदीतही तेच. गावचं घर हाच त्यांचा विमा होता.

पण त्या विम्याचा हप्ता कोण भरत होतं? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्यात त्याच वेळी ९२९. जिल्ह्यातले पुरुष बाहेर गेले, त्याची ही सावली. लावणी, कापणी, सासू-सासऱ्यांची दुखणी, देवाचा दिवा, सगळं मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर. त्यातून ती स्वतःही आपलं गाव सोडूनच इथे आलेली. त्याच जनगणनेत देशभरात राहण्याचं ठिकाण बदललेल्यांची संख्या पंचेचाळीस कोटींवर भरली आणि कारणांत लग्न सर्वांत मोठं निघालं. आपल्याकडे सगळ्यात जास्त गावं बदलली ती बायकांनी, आणि रेघ ओढून फायदे-तोटे बघ, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. जुन्या पद्धतीचे गोडवे गाणाऱ्यांच्या हे गावीही नसतं.

गाव सोडणं ही पोटाची गरज होती, तिला सन्मानाचा प्रश्न केलं ते बाबासाहेब आंबेडकरांनी. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी खेड्याच्या भोळ्या कौतुकाचा खरपूस समाचार घेतला. गावकुसाबाहेर राहिलेल्याला गाव म्हणजे विमा कसला? त्याच्या कागदावर शहर ही एकच बाजू भरलेली. तरी शहरानेही त्याला पुरतं मोकळं केलं नाही. गिरणीत धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. विटाळ नको म्हणून चांगल्या पगाराच्या विणाई खात्यात दलितांना घेत नसत. पत्ता बदलला तरी जात सामानाबरोबर येते, हे तेव्हापासूनचं. आजही भाड्याने घर पाहताना आधी आडनाव विचारलं जातंच.

मधल्या काळातल्या सरकारी बदल्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही; तिथे विचार आदेशाने केलेला असे. खरा पालट आणला गृहकर्जाने. नव्वदीनंतर सांगली-साताऱ्याकडची मुलं पुण्याला आली ती खोलीत नव्हे, फ्लॅटमध्ये, वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन. कुटुंब एकत्र राहिलं, बाई मागे अडकली नाही, तिलाही नोकरी मिळाली. हे चांगलंच झालं. मात्र परतीची वाट बुजली. गावची जमीन विकून फ्लॅटची सुरुवातीची रक्कम भरलेली अनेक घरं मी पाहिली आहेत. जाणं एकदम आणि कायमचं झालं, तशी निर्णयाची भीतीही वाढली. उभ्या रेघेचा कागद मला या भीतीतूनच आलेला वाटतो. सगळं आधीच ठरवायचं, कारण नंतर सुधारता येणार नाही.

म्हणून कोल्हापूर-रत्नागिरीचा बेत ऐकला की मी शाळा-हॉस्पिटलाच्या यादीत फारसा शिरत नाही. पुण्यातलं घर विकणार की भाड्याने देणार, एवढंच आधी विचारतो. विकणार नसाल तर बाकीचे पुष्कळसे तोटे सुधारता येण्याजोगे असतात. विकणार असाल, तर आधी तिथे भाड्याने एक अख्खा पावसाळा काढावा. मे महिन्यात आंबे खायला गेल्यावर कोकणात कायमचं राहावंसं कुणालाही वाटतं. जुलैत दोन-दोन दिवस वीज नसते, कपडे वाळत नाहीत, ओळखीचं कुणी नसतं आणि नवऱ्याचं ऑफिस लॅपटॉपवर चालू असतं. तेव्हा दिवसभर त्या घरात जिचा जीव रमायचा आहे, तिचं मत घ्यावं. आणि ती नको म्हणाली, तर पुण्यातल्या भाडेकरूला वेळेत नोटीस द्यावी.