पाळणें म्हणजे काय?

मराठींतील ‘पाळणें’ हें क्रियापद मोठें अर्थपूर्ण आहे. आपण वचन पाळतों, व्रत पाळतों, पथ्य पाळतों, आणि कुत्रें किंवा मांजरही पाळतों. पहिल्या तीन ठिकाणीं ह्या शब्दाचा अर्थ काय, हें कोणास सांगावें लागत नाहीं. एकादशीचें व्रत मनास येईल त्या तिथीस करावयाचें नसतें. सोयीचें असेल तोंवरच शब्दाला जागणाऱ्यास कोणी वचनाचा मनुष्य म्हणत नाहीं. आणि आठवड्यांतून तीन दिवस पथ्यानें राहणारा रोगी पथ्य पाळतो, असें त्याचा वैद्य तरी खास म्हणणार नाहीं. चौथ्या ठिकाणीं मात्र हा अर्थ एकाएकीं पातळ होतो. मुलांनीं हट्ट धरला म्हणून पिलूं घरांत येतें, चार महिने त्याचें कौतुक होतें, आणि पुढें तें दाराशीं बांधलेलें असलें तरी ‘आम्हीं कुत्रें पाळलें आहे’ असें आपण खुशाल सांगतों. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, चारही ठिकाणीं शब्द एक आहे, तसें त्यांतून येणारें बंधनही एकाच जातीचें आहे. तें बारमाही आहे. लहर लागेल तेव्हांचें नव्हे.

हें बंधन येतें कोठून? पाश्चात्त्य तत्त्वज्ञांनीं ह्या प्रश्नाचा पुष्कळ काथ्याकूट केला आहे. देकार्तच्या मतें पशु हें एक प्रकारचें यंत्र. यंत्राविषयीं कर्तव्य कसलें? कांटनें त्याहून एक पायरी पुढें टाकली. पशूंशीं क्रूरपणानें वागणाऱ्याचें मन माणसांविषयींही निबर होतें, म्हणून त्यांच्याशीं दयेनें वागावें, असें तो म्हणतो. इमानानें चाकरी केलेल्या कुत्र्यास म्हातारपणींही त्याच्या मरणापर्यंत धन्यानें सांभाळावें, हें त्याला मान्य होतें. परंतु ह्या विचारांत कुत्रें निमित्तमात्र राहतें. खरें कर्तव्य माणसाचें माणसाशींच. बेंथमनें १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत प्रश्नच फिरवला. पशूला विचार करतां येतो कीं बोलतां येतें हें महत्त्वाचें नसून, त्याला दुःख होतें कीं नाहीं हें महत्त्वाचें, असा त्याचा आशय आहे. आज ह्या मताशीं बहुतेक सुशिक्षित लोक सहमत होतील.

तथापि बेंथमच्या उत्तरानेंही आमचें पुरतें समाधान होत नाहीं. दुःख हेंच जर कर्तव्याचें मूळ, तर गल्लींतल्या कुत्र्याचें दुःख आणि आपल्या घरांतल्या कुत्र्याचें दुःख हीं सारख्याच तोलाचीं आहेत. मग आपल्यावर घरच्या कुत्र्याचा भार अधिक कां? ह्याचें उत्तर असें कीं, त्याच्या दुःखाचे उपाय आपण त्याच्या हातून काढून घेतले आहेत. गल्लींतलें कुत्रें ऊन तापलें कीं उठून मोटारीखालीं जातें, एका दारांत हाकललें तर दुसऱ्या दारांत उभें राहतें. त्याचें आयुष्य खडतर व बहुधा अल्प असतें. पण आपल्या हिताचे लहानसहान निर्णय तें स्वतः घेतें. गळ्यांत पट्टा बांधतांच हे सारे निर्णय आपल्याकडे येतात. सांवली आपण देऊं तेथें, पाणी आपण ठेवूं तेव्हां, अन्न आपण वाढूं तें. स्वातंत्र्य घेतलें त्याच क्षणीं सुरक्षिततेची हमी आपण दिली. ह्या करारावर दुसऱ्या पक्षाची सही नाहीं, आणि म्हणूनच तो अधिक कडकपणें पाळला पाहिजे; कारण तो मोडला असतां दाद मागण्यास दुसरा पक्ष कोठेंही जाऊं शकत नाहीं.

आपल्या परंपरेला ही गोष्ट अपरिचित नाहीं. महाभारताच्या आरंभींच, जनमेजयाच्या सत्रांत, त्याचे भाऊ एका कुत्र्याला निष्कारण मारतात. तें रडत आईकडे जातें, आणि ती सरमा राजाला भर सत्रांत जाब विचारून शाप देते. त्याच ग्रंथाच्या शेवटीं युधिष्ठिर, आश्रयाला आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथांत चढण्याचें नाकारतो. कुत्रें सुंदर होतें किंवा उपयोगी होतें असें तो म्हणत नाहीं. तें आपल्यावर विसंबलें आहे, एवढेंच त्याला पुरे वाटतें. विसंबणें हाच येथें हक्काचा पाया आहे.

आतां कोणी म्हणेल, ‘आमचें आमच्या मोत्यावर पोटच्या पोरासारखें प्रेम आहे, मग हा कर्तव्याचा रुक्ष काथ्याकूट कशाला?’ प्रेम असावेंच. पण अज्ञानी प्रेम प्राणघातक होऊं शकतें, आणि तें ऋतूंप्रमाणें बदलणाऱ्या संकटांना पुरत नाहीं. वैशाखांतील दुपार घ्या. माणसाला सर्वांगास घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरताच. तोंड उघडून धापा टाकणें हाच त्याचा अंग निववण्याचा मुख्य मार्ग. बंद मोटारींत किंवा पत्र्याच्या छपराखालीं तो मार्ग अपुरा पडतो, आणि थोड्याच वेळांत उष्माघात होऊन जनावर दगावतें. चपट्या नाकाच्या पग जातीच्या कुत्र्यांना तर श्वासाचीच पंचाईत. बर्फाळ प्रदेशासाठीं घडलेला दाट केसांचा हस्की नागपुराकडच्या उन्हाळ्यांत हौसेखातर ठेवणें, हें प्रेम कीं प्रदर्शन, ह्याचा ज्याचा त्यानें विचार करावा.

पावसाळ्यांत गोचिडांचा उपद्रव वाढतो. तें किळसवाणें तर खरेंच, पण त्यांच्यापासून रक्ताचे घातक ताप जडतात. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईकरांना हें नांव चांगलेंच परिचयाचें झालें. तो रोग माणसाप्रमाणें कुत्र्यासही होतो, आणि कुत्र्यांसाठीं त्याची लस आहे. पुढें दिवाळी. माणसाच्या कानाची वरची मर्यादा सेकंदाला सुमारें २०,००० कंपनांची. कुत्र्याची सुमारें ४५,००० पर्यंत आणि मांजराची त्याहूनही वर जाते. आपल्या अंगणांतला आनंद त्यांच्या कानीं कसा पडत असेल? दरवर्षीं भेदरून पळालेलीं किती कुत्रीं लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं हरवतात! त्या रात्रीं खिडक्या लावून, आंतल्या खोलींत, जवळ कोणीतरी बसणें, हाही सणाचाच एक विधि मानावयास हरकत नाहीं.

घरांतील सर्वांत फसवी जागा मात्र स्वयंपाकघर. मांजर म्हणजे दूधभात, ही समजूत आमच्या घरोघर रुजलेली आहे. वास्तविक मांजर हें जन्मतः मांसाहारी. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्याला मांसांतूनच मिळवावें लागतें. तें न मिळाल्यास त्याची दृष्टि जाते आणि हृदय दुर्बळ होतें, हें १९७५ नंतरच्या संशोधनानें सिद्ध झालें आहे. प्रौढ मांजरांपैकीं पुष्कळांना दूध पचतही नाहीं. कुत्र्याला चॉकोलेट, द्राक्षें व बेदाणे विषासारखे, आणि कांदा-लसूण दोघांचेंही रक्त नासवणारे. तापावर आपण सहज घेतों ती पॅरासिटामोलची एकच गोळी मांजराचा प्राण घेऊं शकते, कारण तिचें विष उतरविण्याची शक्ति त्याच्या यकृतांत फारच अल्प असते. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतों. तिच्यांतला भाव अवश्य घ्यावा. तूप मात्र पशुवैद्याला विचारून घालावें!

ह्या बंधनाला आणखी एक बाजू आहे, ती शेजाऱ्यांची. पिसाळणें हा रोग एकदां लक्षणें दिसूं लागलीं म्हणजे बहुतेक निरपवादपणें मृत्यूंतच संपतो. पाश्चरनें १८८५ सालीं एका मुलाला लस टोंचून त्याचा बचाव केला, त्याला आतां एक शतकाहून अधिक काळ लोटला. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें दरसाल सुमारें ५९,००० माणसें ह्या रोगानें मरतात, आणि त्यांत हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे. चावलेली किंवा ओरबाडलेली जागा पंधरा मिनिटें साबणानें व वाहत्या पाण्यानें धुऊन तडक लस घेणें, हा माणसाचा उपाय. पण मूळ उपाय कुत्र्याला लस टोंचणें हाच: पिलूं तीन महिन्यांचें झालें कीं पहिली, आणि पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें नियमानें. जो ती चुकवतो, तो केवळ स्वतःच्या कुत्र्याशीं बेइमान होत नाहीं. जिन्यांत खेळणाऱ्या परक्या मुलाच्या जिवाशीं खेळतो.

ह्या साऱ्यांत अवघड प्रश्न संततीचा आहे. मांजरीची शस्त्रक्रिया करून तिचें मातृत्व कायमचें हिरावून घेण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला, असें पुष्कळ सहृदय माणसें विचारतात. प्रश्न खोटा नाहीं. परंतु हाच प्रश्न विचारणाऱ्या घरांतून, डोळे नुकतेच उघडलेलीं पिलें पोत्यांत घालून मासळीबाजाराजवळ सोडण्याची चाल आहे, हें विसरून कसें चालेल? तें काम बहुधा गड्याकडे सोंपविलें जातें आणि त्याविषयीं घरांत कोणी बोलत नाहीं. जें कृत्य आपण मुलांपासून लपवतों, त्याचा नैतिक निकाल आपण मनांत केव्हांच दिलेला असतो. एका प्राण्याला भूल देऊन एकदां केलेली शस्त्रक्रिया, आणि वर्षांतून दोन-तीनदां भरणारीं तीं पोतीं, ह्यांत अधिक दयाळू काय, हें ठरविण्यास कांटची गरज पडूं नये. उपाशी मरण्याचा संभव असतांना जनावर टाकून देणें, त्याचप्रमाणें सदा बांधून ठेवलेल्या कुत्र्याला हिंडूं-फिरूं न देणें, ह्यांना १९६० च्या कायद्यानें क्रूरतेंत गणलें आहे. पण पोत्याची वाट कायद्याला सहसा दिसत नाहीं. ती आपल्यालाच दिसली पाहिजे.

शेवटीं सर्वांत वजनदार आक्षेप. ज्या देशांत मुलें उपाशी निजतात, तेथें कुत्र्यांच्या लसींवर आणि मांजरांच्या आहारावर पैसा खर्च करणें शोभतें काय? हा आक्षेप आम्ही थट्टेवारी नेणार नाहीं. मात्र तो जनावर आणण्यापूर्वींचा आक्षेप आहे, आणल्यानंतरचा नव्हे. कोणी म्हणाला, ‘माझा हा पैसा मी एका मुलाच्या शिक्षणाला देईन आणि कुत्रें पाळणार नाहीं,’ तर त्याला आमचा नमस्कार आहे. परंतु कुत्रें दारांत बांधून, त्याची लस चुकवून, ‘गरिबांचीं मुलें उपाशी आहेत’ असें म्हणणाऱ्यानें ना मुलाला घांस दिला, ना कुत्र्याला न्याय. एका कर्तव्याची सबब दुसऱ्या कर्तव्याच्या ऋणांतून मोकळें करीत नाहीं. विशेषतः तें ऋण आपण होऊन, हौसेनें काढलेलें असतां.

म्हणून पिलूं घरीं आणण्यापूर्वींच घरांतल्या वडील माणसांनीं एकत्र बसून कांहीं साधे प्रश्न विचारावे. बारा-पंधरा वर्षें हें निभेल काय? उन्हाळ्याच्या सुटींत आपण गांवीं गेलों तर ह्याच्याजवळ कोण? उंच इमारतींतल्या खिडक्यांना जाळी बसवाल काय? हट्ट धरणारीं मुलें शिक्षणासाठीं परगांवीं गेल्यावर, डोळ्यांत मोतीबिंदु उतरलेल्या ह्या कुत्र्याला पहांटे फिरावयास कोण नेणार? उत्तरें नकारार्थीं आलीं तर ‘नाहीं’ म्हणण्यांत कमीपणा मुळींच नाहीं; न घेतलेलें व्रत मोडल्याचा दोष कोणाला लागत नाहीं. पण उत्तरें होकारार्थीं असतील तर पिलूं खुशाल आणावें, आणि त्याच दिवशीं भिंतीवरील दिनदर्शिकेंत, एकादशी-संकष्टीच्या शेजारीं, त्याच्या पहिल्या लसीची तारीखही लिहून ठेवावी.