पावसाचा वाटा

सॉल्ट लेक सिटीहून पश्चिमेला वेंडोव्हरकडे जाणारा महामार्ग सोडून काही मैल आत गेले की डांबर संपते आणि मीठ सुरू होते. ऑगस्ट 2022 मध्ये मी तिथे पोहोचलो तेव्हा मात्र डांबर संपून पाणी सुरू झाले होते. खोल मुळीच नव्हते, जेमतेम बोटभर असेल. पण ते पार डोंगरांपर्यंत पसरले होते आणि इतके निश्चल होते की डोंगर दोनदा दिसत होते, एकदा सुलटे, एकदा उलटे. भाचा म्हणाला, “मामा, फोटो काढून घ्या. शर्यत काही दिसायची नाही.”

भाचा सॉल्ट लेक सिटीत नोकरीला आहे. मी बडोद्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तीस वर्षे यंत्रे शिकवली, म्हणून मामाला ‘स्पीड वीक’ दाखवायचा असा बेत त्याने हौसेने आखला होता. बॉनव्हिलच्या या मिठाच्या मैदानावर 1949 पासून ऑगस्टमध्ये हा मेळा भरतो. शर्यत हा शब्द तसा चुकीचाच, कारण इथे कुणी कुणाच्या शेजारी धावत नाही. एकेक गाडी, एकेक मोटारसायकल एकटीच सरळ रेषेत जाते आणि मैलाच्या खुणांवर तिचा वेग मोजला जातो. इंजिनाच्या आकारानुसार, इंधनानुसार, गाडीच्या घडणीनुसार शेकडो वर्ग पाडलेले आहेत. बक्षिसाची रक्कम नसते. विक्रमांच्या वहीत नाव येते, आणि ताशी 200 मैलांच्या वरचा विक्रम केला तर एका क्लबची लाल टोपी मिळते. त्यासाठी माणसे घरच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे लेथवर भाग कातत बसतात. मला ही माणसे पाहायची होती.

त्या वर्षीचा मेळा पावसामुळे रद्द झाला. 2014 आणि 2015 मध्येही तो रद्द झाला होता. ओल्या मिठावर गाडी नेली तर चाके रुततात, वरचा कडक थर फुटतो, आणि तो फुटला की पुढच्या मेळ्याचेही नुकसान. आयोजक बहुतेक स्वयंसेवक असतात. त्यांनी रद्द करण्याचा निर्णय घेतला तो बरोबरच होता, आणि अशा बरोबर निर्णयाबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नाही.

रस्त्याच्या टोकाशी एक म्हातारे जोडपे घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये ताडपत्रीखाली मोटारसायकल. मी यंत्रांचा मास्तर आहे असे भाच्याने सांगताच ताडपत्री दूर झाली, आणि पुढचा अर्धा तास कार्ब्युरेटरबद्दल आम्हा दोघांना एकमेकांचे इंग्रजी नीट कळत नसतानाही काही अडले नाही. मग तो त्याच्या विक्रमाकडे वळला. काही वर्षांपूर्वी त्याच्या वर्गातला विक्रम वर्षभर त्याच्या नावावर होता. इथे एकदाच वेगाने जाऊन भागत नाही. पहिल्या धावेत जुना विक्रम ओलांडला की गाडी राखीव जागेत ठेवावी लागते, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावायचे, आणि दोन्ही वेगांची सरासरी धरतात. रात्री झोप कशी लागली नाही, पहाटे प्लग कसा बदलला, हे सगळे तो हातवारे करून सांगत होता. त्याची बायको मध्येच म्हणाली, “त्या वर्षी मीठ चांगलं होतं. तुझ्यामागे तो दुसरा होता, त्याच्या वेळी वारा सुटला.” तो थांबला. मग म्हणाला, “वारा काही इतका नव्हता.” आणि ताडपत्री पुन्हा घालू लागला.

त्यानंतर आम्ही या वर्षीच्या पावसाबद्दल बोललो, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. नशीब, तो म्हणाला, दुसरं काय.

परतीच्या वाटेवर मला त्या दोन वाक्यांतला फरक खुपत राहिला. पाऊस आला आणि धावता आले नाही, तर ते नशीब. पाऊस आला नाही आणि धावता आले, तर तो माझा विक्रम. मीठ दोन्ही वर्षी होते, पाऊस दोन्ही वर्षी होता, एका वर्षी आलेला आणि एका वर्षी न आलेला. हिशेबात तो फक्त आला की धरायचा आणि नाही आला की धरायचा नाही, हे कुठल्या खातेवहीत चालेल? आपला उघड तोटा आपण हवामानाच्या नावे लिहितो आणि नफा स्वतःच्या नावे. आणि हे त्या बिचाऱ्या म्हाताऱ्यापुरते नाही.

या मैदानाच्या इतिहासात याची मोठी उदाहरणे आहेत. सर माल्कम कॅम्बेल 3 सप्टेंबर 1935 रोजी इथे ताशी 301 मैल गेले, तीनशेचा टप्पा ओलांडणारे पहिले. मीठ कोरडे होते. त्यांचा मुलगा डोनाल्ड 1960 मध्ये इथेच अपघातात सापडला, वाचला, आणि पुढच्या प्रयत्नासाठी त्याने ऑस्ट्रेलियातले लेक एअर निवडले, कारण तिथे वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही. 1963 मध्ये तो तिथे पोहोचला आणि पाऊस पडला. थोडाथोडका नाही, तळे भरले. मग वृत्तपत्रांतून आणि पैसा घालणाऱ्यांकडून टीका सुरू झाली, एक मोठा पुरस्कर्ता बाजूला झाला. लोकांनी ढगांवरून माणसाचा स्वभाव ठरवला. पुढच्या वर्षी, 17 जुलै 1964 रोजी, अजून पुरती न सुकलेल्या जमिनीवर तो ताशी 403 मैल गेला. गाडी त्याहून बरीच वेगवान जाण्यासाठी बांधलेली होती, त्यामुळे विक्रम होऊनही तो खूश नव्हता.

दुसरी बापलेकाची जोडी अमेरिकन आहे. मिकी थॉम्पसन 1960 मध्ये बॉनव्हिलवर ताशी 406 मैलांच्या वर गेला, पण परतीच्या धावेत गाडी मोडली आणि सरासरी निघाली नाही, म्हणून विक्रम नाही. 1968 मध्ये तो ‘चॅलेंजर 2’ ही नवी गाडी घेऊन आला. पाऊस पडला, मैदान बुडाले, पुढे पुरस्कर्त्याने हात काढून घेतला आणि गाडी गोदामात गेली. 1988 मध्ये मिकीचा खून झाला. मुलगा डॅनीने ती गाडी बाहेर काढून नव्याने बांधली, मधल्या काळात दोन मेळे रद्द झाले, आणि 2018 च्या ऑगस्टमध्ये बापाच्या त्याच गाडीतून त्याने ताशी 448.757 मैलांची सरासरी नोंदवली. पन्नास वर्षे. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात आणि ती जिद्दीची आहेही. पण 1968 ला आणखी चार कोरडे दिवस मिळाले असते तर बाप विक्रमवीर ठरला असता आणि मुलाच्या जिद्दीला वाव उरला नसता. त्या 448.757 मध्ये दशांशाचे तीन अंक आहेत, मिठाच्या ओलीसाठी रकाना नाही.

असा रकाना ठेवता येतो, हे विसरू नये. शंभर मीटरच्या धावण्यात पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत. 1992 च्या विश्वचषकातला तो उपांत्य सामना आपल्याकडे अजून आठवतात. दक्षिण आफ्रिकेला 13 चेंडूंत 22 धावा हव्या होत्या, पाऊस येऊन गेला आणि उरला एक चेंडू. त्यानंतर डकवर्थ आणि लुईस यांनी पावसाचा हिशेब मांडण्याची रीत काढली. ती कुणालाच पुरती पटत नाही, तरी पाऊस खात्यात धरला पाहिजे एवढे तिने मान्य केले.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवे दैव. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ घेतात. त्या पाण्याशेजारी उभे राहून मला ते सरळ पायाखालची जमीन वाटले, आणि यादी चकित करण्याइतकी जुळली: मीठ, चालक, यंत्र, खटपट आणि हवा. पुढे तिथेच म्हटले आहे की असे असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला दिसत नाही. मी हे आजवर अपयशाच्या वेळी वापरण्याचे सांत्वन समजत होतो. वास्तविक तिथे यश आणि अपयश असा भेद केलेला नाही. कर्म न्याय्य असो वा विपरीत, पाचही कारणे लागू. 1976 मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघा तत्त्वज्ञांनी ‘नैतिक नशीब’ म्हणून हाच प्रश्न इंग्रजीत मांडला. त्यातला निष्काळजी मोटारचालक सगळ्यांना आठवतो. एकाच्या गाडीपुढे मूल येते, दुसऱ्याच्या येत नाही, आणि आपण पहिल्यालाच गुन्हेगार ठरवतो. दोषाच्या बाजूने हे आपल्याला पटकन कळते. श्रेयाच्या बाजूने कळून घ्यायला आपण राजी नसतो.

इथे कुणी म्हणेल, सगळेच हवामानावर ढकलले तर जबाबदारी कुणाची? शंका रास्त आहे, आणि बॉनव्हिलवरच तिचे उदाहरण आहे. मैदान सपाट होते ते पाण्यामुळेच. हिवाळ्यात पाणी साठते, मीठ विरघळते, उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि नवा थर बसतो. ऑगस्टमधला पाऊस हा त्याच कारागिराने अवेळी काढलेले काम आहे. पण गेल्या काही दशकांत हा थर पातळ झाला. पूर्वी तेरा मैलांचा मार्ग आखता येई, आता तेवढी लांबी मिळणे कठीण. शेजारी कालवे खणून मिठाचे पाणी ओढून त्यातून पोटॅश काढतात. मीठ त्यामुळे किती गेले यावर वाद आहे, तरी 1997 पासून हिवाळ्यात मिठाचे पाणी परत मैदानावर सोडण्याचा प्रयोग झाला आहे. जाड थरावर पडलेला पाऊस आणि पातळ थरावर पडलेला पाऊस एक नव्हे. तेव्हा ‘नशीब’ म्हणण्यापूर्वी कालवे कुणी खणले हे विचारावेच. मला त्याच्या जोडीला दुसरा प्रश्नही विचारायचा आहे: विक्रम म्हणण्यापूर्वी त्या दिवशी मीठ कसे होते?

त्या रात्री आम्ही वेंडोव्हरला राहिलो. गावाच्या मधून राज्याची सीमा जाते आणि पलीकडे, नेवाडात, कॅसिनो आहेत. मेळा रद्द झालेली बरीच मंडळी तिथे दिसली. यंत्रापुढे बसून बटण दाबणाऱ्यांना मात्र आपण जिंकलो तर ते नशीब आहे हे पक्के ठाऊक असते. भाच्याने वीस डॉलर घालवले. मी खोलीवर जाऊन पडलो आणि मला झोप आली नाही.

माझ्या नोकरीच्या मुलाखतीला आम्ही तिघे होतो. मुंबईहून येणारा एक उमेदवार माझ्यापेक्षा शिक्षणाने वरचढ होता. तो आलाच नाही. वलसाडच्या पुढे रूळ पाण्याखाली गेले होते. दोघांतून माझी निवड झाली. घरी, मित्रांत, पुढे विद्यार्थ्यांपुढेही ही मुलाखत मी अनेकदा सांगितली: कोणते प्रश्न आले, मी फळ्यावर आकृती कशी काढली. रुळांची गोष्ट त्यात कधी आली नाही. मी ती लपवली असे नाही, मला ती गोष्टीचा भाग वाटलीच नाही.

आणि त्यानंतर कैक वर्षांनी, पुरवणी परीक्षेच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी विश्वामित्रीला पूर आला. एक मुलगा नदीपलीकडून येणारा होता. तो तिसऱ्या दिवशी, ओल्या चपला हातात घेऊन, माझ्या खोलीत आला. परीक्षक मी होतो. नियमाप्रमाणे नावापुढे ‘गैरहजर’ लिहून झाले होते. वर पत्र पाठवून दुसरी तारीख मागता आली असती, मिळालीच असती असे नाही. मी मागितली नाही. मी त्याला म्हणालो, “नशीब म्हणायचं, बेटा. पुढच्या वर्षी दे.” त्याचे वर्ष गेले. तो शब्द मी किती सहज वापरला होता! माझ्यासाठी पाऊस पडला तेव्हा तो मला सुचला नव्हता.

दोघांपैकी मी कुणाचे काय देणे लागतो, हे मला अजून नीट ठरवता येत नाही. मुंबईच्या माणसाचे मी काही हिसकावले नाही, त्याचे नावही आठवत नाही. नोकरी परत करण्याची गोष्ट नव्हती. पण मुलाखतीत पावसाने मला काय दिले हे माझ्या लक्षात असते, तर तो मुलगा दारात उभा असताना मी पत्र लिहायला बसलो असतो, एवढे मला वाटते. कदाचित हीही माझी स्वतःबद्दलची चांगली समजूत असेल.

सप्टेंबरमध्ये बडोद्याला परतल्यावर जुन्या विद्यार्थ्यांकडून त्याचा नंबर मिळवला. तो आता अंकलेश्वरला असतो, कारखान्यात देखभालीचा प्रमुख आहे. मी सर बोलतोय म्हटल्यावर तो आधी गडबडला, मग गुजरातीत तब्येत विचारू लागला. ते वर्ष त्याला चांगले आठवत होते. ते विद्यापीठाने घालवले असे तो इतकी वर्षे समजत होता. मी सांगितले, विद्यापीठाला कुणी विचारलेच नव्हते, विचारायचे काम माझे होते आणि मी ते केले नाही. तो जरा वेळ काही बोलला नाही. मागे कुठेतरी पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग त्याने विचारले, “इकडे सकाळपासून कोसळतोय, सर. बडोद्यात कसा आहे?”

मी उठून खिडकीपाशी गेलो आणि बाहेर पाहून त्याला सांगितले.